ताक्यावरचा नंबर

"आवाज नको. नुसतं बोल."

हे म्हणताना आप्पा पिठानं माखलेली दोन बोटं आधी स्वतःच्या ओठांवर ठेवायचे आणि मग समोरच्याच्या तोंडाकडे दाखवायचे. मागं चक्कीचा पट्टा धडधडत असायचा, डब्यांची रांग लागलेली असायची. समोर उभ्या असलेल्या बाईला काहीतरी विचारायचं असायचं, ती गोंधळून इकडंतिकडं बघायची. मग हळूहळू तिचे ओठ हलायला लागायचे. आवाज अजिबात नाही. आप्पा डोळे बारीक करून तिच्या तोंडाकडे बघत राहायचे, आणि बोलून झालं की मान हलवून विचारायचे, "बारीक का जाडं?" म्हणजे दळण.

आप्पा खानदेशातले. पोरवयात सुरतेला आले ते चाळीसेक वर्षं लूमवरच, म्हणजे कापडाच्या यंत्रमागावर होते. तुम्ही कधी लूमच्या कारखान्यात गेला असाल तर तुम्हाला ठाऊक असेल, तिथं दोन माणसं हातभर अंतरावर उभी राहिली तरी एकमेकांचं ऐकू येत नाही. सगळे कारीगर ओठांवरूनच वाचतात. त्या खडखडाटात आप्पांचे कान गेले, पण डोळे असे तयार झाले की रस्त्याच्या पलीकडे उभं राहून कोण कोणाला काय म्हणालं हे ते सांगू शकत. सांगत मात्र नसत. काम सुटल्यावर त्यांनी सुरतेतच, लिंबायतमध्ये आमच्या गल्लीत पिठाची चक्की काढली. बहिऱ्या माणसाला याहून सोयीचा धंदा मला तरी सुचत नाही.

मी इथल्या मराठी शाळेत प्राथमिकची शिक्षिका. स्वभावानं फटकळ. आमच्या भागाचा मोबाइलवर एक ग्रुप होता, त्याची मी ॲडमिन, आणि दुसरे ॲडमिन आप्पा. त्यांना ॲडमिन का केलं हे कोणालाच नक्की आठवत नव्हतं. बहुधा भांडणात पडत नाहीत म्हणून असावं.

सुरुवातीला ग्रुपवर सगळं नावानिशी चालायचं. आग्रह माझाच. ज्याला बोलायचंय त्यानं नाव लावून बोलावं, लपून कसलं बोलायचं, असं मी वर्गात सांगते तसं ठणकावून लिहिलं होतं. मग एका बाईनं विचारलं, नवऱ्याची दारू सुटायला कुठला दवाखाना चांगला? प्रश्न चांगला होता. चार जणांनी उत्तरंही चांगली दिली. दुसऱ्या दिवशी तिचा नवरा पानाच्या टपरीवर गेला, तर तिथं बसलेल्यांनी त्यालाच हसत हसत दवाखान्याचा पत्ता विचारला. त्या दिवशी बाईनं ग्रुप सोडला. चार दिवस ती गल्लीत दिसली नाही. त्यानंतर ग्रुपवर उरलं काय, तर सुप्रभात, गणपतीचे फोटो आणि पाणी किती वाजता येणार.

तरुण मंडळींनी दुसरा उपाय काढला. लिहिणाऱ्याचं नाव दिसणारच नाही असा एक वेगळा ग्रुप. पहिले दोन दिवस लोक खरोखर मोकळे झाले. तिसऱ्या दिवसापासून चिखल सुरू. डबे करून देणाऱ्या एका बाईबद्दल कोणीतरी लिहिलं, ती कालची भाजी आज देते. साफ खोटं. मी तिचा डबा कितीतरी दिवस खाल्लाय. पण लिहिणारा कोण, जाब कोणाला विचारायचा? बिचारीचे निम्मे डबे बंद झाले.

शेवटी मारुतीच्या देवळात बैठक बसली. सगळे एकदम बोलत होते. कोणाचं कोणाला कळत नव्हतं, फक्त आप्पा एकेक तोंड बघत बसले होते, त्यामुळे त्यांना एकट्यालाच सगळं समजत होतं. बऱ्याच वेळानं ते उठले.

"ताक्यावर काय ऱ्हास?" त्यांनी विचारलं. ताक्यावर काय असतं?

निम्मी माणसं लूमवरचीच. "नंबर," ती सगळी म्हणाली.

मला माहीत नव्हतं, म्हणून आप्पांनी माझ्याकडे तोंड करून समजावलं. लूमवरून कापडाचा ताका उतरला की त्याच्या टोकाला कारीगराचा नंबर टाकतात. व्यापाऱ्याला फक्त नंबर दिसतो. नाव त्याला माहीत नसतं, त्याला ते लागतही नाही. कापड चांगलं निघालं तर तो त्याच नंबरचा माल पुन्हा मागतो. खराब निघालं तर मुकादमाला सांगतो, आणि नंबर कोणाचा हे मुकादमाला ठाऊक असतं.

"मग इथं मुकादम कोण?" मी विचारलं.

"मी."

"आप्पा, तुम्हाला तर ऐकू येत नाही."

"म्हणून तर," आप्पा म्हणाले आणि खाली बसले.

मी विरोध केला. ज्याला नावाची लाज वाटते त्यानं गप्प बसावं, नंबर लावून बोलायला आपण काय तुरुंगात आहोत, असं बरंच बोलले. आप्पांनी माझं तोंड शेवटपर्यंत नीट वाचलं. मग म्हणाले, "बाई, तुमनं अजून काही आडलं नाही, म्हणून." मला राग आला. लोकांनी मात्र हात वर केले आणि आप्पा मुकादम झाले.

पद्धत अशी ठरली. ज्याला नाव न सांगता काही विचारायचं असेल, सांगायचं असेल, त्यानं दळण घेऊन चक्कीवर यायचं. समोर उभं राहायचं, आवाज न करता बोलायचं. आप्पा त्याला एक नंबर देणार, तो नंबर कायमचा त्याचा. नंतर आप्पा एका बोटानं, चष्मा कपाळावर चढवून, ते ग्रुपवर लिहिणार: "नंबर सहा विचारतो." कोणी फारच खोदून विचारलं की त्यांचं ठरलेलं उत्तर असायचं, "नाव मना पोटमा, प्रश्न तुमना पुढे." चक्कीवर सगळेच जातात, त्यामुळे कोण कशाला गेलं हे कळायचं नाही.

उत्तरंही नंबरानं द्यायची तर पुन्हा दळणच न्यायला हवं. त्यामुळे आमच्याकडे चर्चा आठवडा आठवडा चालत. एकानं सोमवारी काही म्हटलं की दुसऱ्याचं पीठ संपेपर्यंत त्याला उत्तर नाही. एखादा विषय पेटला की बायका एकेक किलो दळण घेऊन चक्कीवर हजर. त्या दिवसांत आमच्या गल्लीनं जितक्या ताज्या पिठाच्या भाकरी खाल्ल्या तितक्या आधी कधी खाल्ल्या नसतील.

आणि गंमत अशी की नंबरांना हळूहळू चेहरे आले. नंबर सहा म्हणजे तक्रारखोर, पण मुद्द्याचा. अकराला डॉक्टरांची खडान्खडा माहिती. नंबर चौदा कमी बोलणार, पण जे सांगणार ते पारखून. कुठल्या दवाखान्यात किती वाजता गेलं तर रांग लहान असते, मुलीला शाळेत त्रास देणाऱ्याची तक्रार कोणाकडे करायची, चौदानं सांगितलं आणि ते चुकलं, असं माझ्या आठवणीत नाही. लोक नाव लावणाऱ्यापेक्षा चौदावर जास्त विश्वास ठेवायचे. मीही ठेवायचे, पण तसं कबूल करत नव्हते.

एकदा नंबर नऊनं शेजाऱ्याबद्दल खोटं लिहायला लावलं. चौकशीत ते खोटं निघालं. आप्पांनी ग्रुपवर लिहिलं, "नऊ नंबरचा ताका खराब निघाला. नंबर कापला." बस, एवढंच. पण त्या आठवड्यापासून आमच्या गल्लीतले एक गृहस्थ पार पलीकडच्या गल्लीतल्या चक्कीवर डबा घेऊन जायला लागले आणि आम्ही सगळे काय ते समजलो. टाळ्या देऊन हसलो. आप्पांना हे कळलं तेव्हा ते चक्की बंद करून त्या गृहस्थांच्या घरी गेले, त्यांचा ज्वारीचा डबा स्वतःच्या खांद्यावर घेऊन आले, दळला आणि परत पोचवला. पुढचे कितीतरी महिने तो डबा आप्पाच नेत आणि आणत. मी म्हटलं, "आप्पा, खोटारड्याचे एवढे लाड?" तर म्हणाले, "नंबर कापा, माणूस नाही कापा." तो डबा पुन्हा आमच्याच चक्कीवर दिसायला लागला, त्यामुळे नऊ नंबर नेमका कोण, हे नंतर आम्हाला खात्रीनं सांगता येईना.

आता माझं सांगते.

माझी मुलगी चोवीस वर्षांची. साड्यांची डिझाइन करण्याच्या ऑफिसात नोकरी करते. सातवीत असल्यापासून तिच्या पाठीवर कोडाचा डाग आहे. तळहाताएवढा, कपड्यात झाकला जातो, वाढलेला नाही. ती विसरूनही गेली होती. मग सुरतेजवळच्या कडोदऱ्याचं एक स्थळ आलं. मुलगा चांगला, माणसं साधी, दोघांनी एकमेकांना पसंत केलं, साखरपुड्याची तारीख धरली. मुलगी म्हणाली, "आई, त्यांना डागाचं सांगून टाक. मी त्याला सांगायला निघाले होते, पण घरच्यांना तू सांगितलेलं बरं." आणि जन्मभर नाव लावून खरं बोला म्हणून लोकांना झोडपणारी मी म्हणाले, "बघू. घाई काय आहे?"

माझी नणंद म्हणाली, झाकलेलं आहे, कशाला उघडायचं? तिचं म्हणणं मला पटलं नाही, पण गोड वाटलं. डागाचं ऐकून मोडलेली दोन लग्नं मी आमच्याच नात्यात पाहिली होती. सांगावं तर मुलीचं ठरलेलं मोडेल. न सांगावं तर मुलगी माझ्याकडे ज्या नजरेनं बघायची ती सोसवेना. आठ दिवस मी शाळेत पोरांवर उगाच खेकसत होते. नवव्या दिवशी डबा भरून चक्कीवर गेले.

आप्पांनी बोटं ओठांवर ठेवली. मी बोलायला लागले तर आवाज बाहेर! वीस वर्षं वर्गात ओरडलेला गळा तो, त्याला हळू बोलणंच माहीत नाही, मग मुकं कुठून बोलणार? रांगेतल्या बायका वळून बघायला लागल्या. "बाई," आप्पा म्हणाले, "हाई वर्ग नाही शे." मी पुन्हा प्रयत्न केला. तिसऱ्या वेळी जमलं. डाग, कडोदऱ्याचं स्थळ, साखरपुडा, सगळं सांगितलं; ओठ हलत होते, आवाज नव्हता, आणि डोळ्यांतून पाणी यायला लागलं. आप्पा माझ्या तोंडाकडे बघता बघता एकदम गंभीर झाले, खाली बघितलं, पुन्हा वर बघितलं. मला वाटलं माझ्या रडण्यानं झालं असेल. मग म्हणाले, "सत्तावीस. बारीक का जाडं?"

'तुमनं अजून काही आडलं नाही' हे देवळातल्या बैठकीतलं बोलणं त्यांनी काढलं नाही. ते मलाच आठवलं.

ग्रुपवर प्रश्न आला: नंबर सत्तावीस विचारतो, मुलीला कोडाचा डाग आहे, लग्न ठरतंय, सासरच्यांना सांगावं का? उत्तरं येत राहिली. नाववाल्यांनी सुविचार लिहिले. सहानं लिहिलं, सांगू नका, जग वाईट आहे. अकरानं डॉक्टरचा पत्ता दिला आणि हा रोग शिवल्यानं होत नाही हे समजावलं. मी वाट बघत होते ती चौदाची. तिसऱ्या दिवशी चौदाचं उत्तर आलं.

"माझ्या नवऱ्याला फिट येते हे मला लग्नानंतर चौथ्या दिवशी कळलं. फिटचा राग आला नाही. घरात सगळ्यांना माहीत होतं आणि मला एकटीला नव्हतं, याचा आला. तो अजून आहे. सांगा."

हेच एखाद्या नाववालीनं लिहिलं असतं तर मी म्हटलं असतं, हिला काय जातंय सांगायला. पण हा चौदाचा ताका होता, आजवर एकही खराब न निघालेला. रविवारी मी एकटीच कडोदऱ्याला गेले.

मुलाच्या आईनं चहा केला. लिंबायत तिचं माहेर, त्यामुळे आमच्याकडच्या माणसांची विचारपूस झाली. मुलाचे वडील पेपर वाचत होते, ते मला बघून आतल्या खोलीत गेले. मी चहाचा कप खाली ठेवला आणि एका दमात सांगून टाकलं. डाग कुठं आहे, केवढा आहे, कधीपासून आहे. तुम्हाला मोडायचं असेल तर आत्ताच मोडा, माझी मुलगी काही बोलणार नाही, हेही सांगितलं.

मुलाच्या आईनं आतल्या दाराकडे एकदा बघितलं आणि अगदी हळू विचारलं, "तुम्ही सत्तावीस का?"

मी मान हलवली.

तिनं पदरानं तोंड पुसलं. "ताई, मी चौदा," ती म्हणाली.

फिटचं लिहिणारी ती हीच. मग मीही त्या आतल्या दाराकडे बघितलं.

"पंधरा वर्षांत एकदाही आलेली नाही," ती म्हणाली. "गोळी रोज घेतात. मुलाला काही नाही, डॉक्टरांना दाखवलंय. पण तुम्हाला सांगितलं नव्हतं. माहेरच्या ग्रुपवर मी अजून आहे, तिकडं आले की दळण आप्पांकडेच. दुसऱ्याला सांगा म्हणून लिहायला लावलं, दळण घेऊन घरी आले, आणि स्वतः तोंड मिटून बसले. तुम्ही आज आला नसता तर मी बोलले असते की नाही, देव जाणे."

आम्ही दोघी आधी रडलो आणि मग हसायला लागलो, इतक्या की तिचे यजमान काय झालं ते बघायला बाहेर आले. परत येताना रिक्षात मला इतकं हलकं वाटत होतं की मी रिक्षावाल्याशी, त्यानं न विचारता, मुलीचं लग्न ठरलं म्हणून बोलत बसले.

पण दुसऱ्या दिवशी डोकं फिरलं. आप्पांना सगळं माहीत होतं! सत्तावीस कोण, चौदा कोण, आणि स्थळ कुठलं, हे सगळं. मी तशीच चक्कीवर गेले. दळण नव्हतं तरी गेले.

"आप्पा, तुम्हाला माहीत होतं."

"हो."

"माझी मुलगी त्या घरात द्यायची होती. फिटचं मला सांगायला नको?"

"आणि कोडाचं त्यांना?"

आप्पांनी हातातला डबा खाली ठेवला. "बाई, मी सांगितलं असतं तर ते लग्न माझ्या भरवशावर झालं असतं. मी म्हातारा किती दिवस पुरणार?" मग जरा थांबून म्हणाले, "चार दिवस भाकरी गेली नाही मला. पोटमा जागाच नव्हती."

"आणि आम्ही दोघीही गप्प राहिलो असतो तर?"

"तर साखरपुड्याच्या आधी दोघींना एकाच वेळी इथं बोलावलं असतं."

"आणि?"

"आणि चक्की बंद ठेवली असती. म्हणजे तुम्हाला एकमेकींचं ऐकू आलं असतं."

मी त्या माणसाच्या पाया पडले. पिठात पडले म्हटलं तरी चालेल, कारण साडी पांढरी झाली. लग्नाला ते टोपी घालून आले, पहिल्या रांगेत बसले आणि पंगतीत दोनदा जिलबी घेतली. माझी मुलगी आज सुखात आहे. मुलीचा आणि तिच्या सासऱ्यांचा एक करार आहे, ते तिला गोळीची आठवण करून देतात आणि ती... छे, उलटं सांगितलं. ती त्यांना गोळीची आठवण करून देते आणि ते तिला मलमाची.

गेल्या थंडीत आप्पा गावी गेले आणि तिथंच वारले. दिवसकार्य गावाला झालं. मग त्यांचा मुलगा इथं आला आणि गल्लीतली माणसं दारावर भेटायला गेली. तुम्हाला खोटं वाटेल, पण आलेल्यांपैकी निम्म्यांचं लक्ष आप्पांच्या फोटोकडे होतं आणि निम्म्यांचं शेजारी ठेवलेल्या त्यांच्या मोबाइलकडे. प्रत्येकाच्या मनात एकच, त्यात काय काय असेल?

मुलालाही ते जाणवलं असावं. सगळ्यांसमोर तो फोन त्यानं माझ्या हातात दिला. "बाई, तुम्ही ॲडमिन आहात. तुम्हीच बघा."

मी बघितला. माणसं माझ्या बोटाकडे बघत होती. ग्रुप होता, मुलानातवंडांचे फोटो होते, गावातल्या विहिरीचा एक फोटो होता. नंबर आणि नावं यांची यादी कुठंही नव्हती. चक्कीवरची वही आणली, तिच्यात फक्त डबे. मुलगा म्हणाला, घरी बघितलं, गावी बघितलं, कुठंच काही नाही.

"एकही नाव नाही," मी म्हटलं.

खोली सैल झाली. कोणी पाणी मागितलं, कोणी मांडी बदलली. माझ्या शेजारी माझी विहीण बसली होती, तिनं माझा हात दाबला. आणि मी तुम्हाला खरं सांगते, मला आधी हायसं वाटलं आणि मग रडू आलं. क्रम असाच होता. एवढ्या माणसांचं एवढं सगळं घेऊन तो माणूस एकटा निघून गेला होता, आणि आम्हाला आधी सुटल्यासारखं वाटलं. आप्पांना ते चाललं असतं असं मला वाटतं.

आता चक्की मुलगा चालवतो. मुलगा चांगला आहे, दळण बापापेक्षा बारीक देतो. पण त्याला ऐकू येतं. रांगेतल्या बायका त्याच्याशी पावसापाण्याचं बोलतात आणि डबा उचलून घरी जातात.